प्रथिन व डीएनए अनुक्रमांतील कार्यखंडांची ओळख : एरंड आणि गुंजा यांच्या आधारे एक अभ्यास

१. प्रास्ताविक

द्रव्याची ओळख हा द्रव्यगुणशास्त्राचा पाया होय. ओळखच चुकली तर पुढील रस, वीर्य, विपाक यांचा सारा विचार व्यर्थ ठरतो, हे वैद्यवर्गास सांगावयास नको. नामरूपज्ञान, सूक्ष्मदर्शकाखालील परीक्षण आणि रासायनिक परीक्षण ही साधने आपल्या परिचयाची आहेत. गेल्या काही दशकांत त्यांत आणखी एका साधनाची भर पडली आहे. वनस्पतीतील डीएनए व प्रथिने यांचा अक्षरक्रम वाचून त्यातील कार्यखंड, म्हणजेच डोमेन, ओळखणे हे ते साधन होय. 'अमुक डोमेन आढळले', 'डीएनए चाचणीने सिद्ध' अशी वाक्ये शोधनिबंधांतून, प्रयोगशाळांच्या अहवालांतून आणि क्वचित जाहिरातींतूनही आता वाचावयास मिळतात. अशा वाक्याने नेमके काय सिद्ध होते आणि काय सिद्ध होत नाही, हे समजून घेणे वैद्य व औषधनिर्माते या दोघांच्याही हिताचे आहे.

हा विषय केवळ तत्त्वरूपाने मांडण्यापेक्षा नित्य परिचयाच्या दोन द्रव्यांच्या आधारे मांडणे आम्हांस योग्य वाटते. ती द्रव्ये म्हणजे एरंडबीज आणि गुंजाबीज. दोन्ही बीजांत तीव्र विषारी प्रथिने आहेत. तरीही एकाचे तेल आपण विरेचनार्थ निःशंकपणे देतो आणि दुसऱ्याला उपविषांत गणून शोधनावाचून हात लावीत नाही. या दोन प्रथिनांची रचना सारखी आहे आणि तिचा अभ्यासही पुष्कळ झाला आहे. म्हणून कार्यखंड म्हणजे काय, तो कसा ओळखावा आणि त्या ओळखीची मर्यादा कोठे येते, हे तिन्ही प्रश्न येथे एकाच उदाहरणातून उलगडतात.

२. अनुक्रम आणि कार्यखंड

प्रथिन ही अमिनो आम्लांची माळ होय. या माळेत २० प्रकारचे मणी असतात आणि प्रत्येकास एक अक्षर ठरवून दिलेले आहे. त्यामुळे कोणतेही प्रथिन एखाद्या लांबलचक शब्दासारखे लिहिता येते. हाच त्याचा अनुक्रम. पेशीमध्ये ही माळ सरळ राहात नाही. ती विशिष्ट प्रकारे दुमडली जाते आणि दुमडल्यावरच तिला कार्यसामर्थ्य येते. मोठ्या प्रथिनात असे भाग आढळतात की जे स्वतंत्रपणे दुमडतात आणि बहुधा एखादे ठरावीक काम करतात. अशा भागास कार्यखंड म्हणतात.

स्वयंपाकघरातील विळीचे उदाहरण घेऊ. पाते चिरते आणि पाट पायाखाली धरून विळी स्थिर ठेवतो. दोन्हींची कामे निराळी आहेत. पाते पाहताच 'हे चिरण्याचे साधन' असे कोणीही ओळखील. परंतु पाटाविना नुसते पाते भाजी चिरण्यास उपयोगी पडत नाही. पाटाला खवणी जोडली तर तोच पाट नारळ खवण्याच्या कामी येतो. निसर्गातही असेच घडते. एकच कार्यखंड निरनिराळ्या प्रथिनांत, निरनिराळ्या सोबत्यांसह पुनःपुन्हा वापरलेला दिसतो.

३. रिसिनची कथा

१८८८ साली दोर्पात, म्हणजे आजच्या एस्टोनियातील तार्तू, येथे हेरमान स्टिलमार्क याने एरंडबीजातील विषारी प्रथिनाचा अभ्यास करून त्यास रिसिन हे नाव दिले. पुढे १८९१ मध्ये पाउल एर्लिख याने रिसिन आणि गुंजेतील अ‍ॅब्रिन ही प्रथिने उंदरांस अत्यल्प मात्रेपासून वाढवीत नेऊन दिली आणि त्यांच्यात त्या त्या विषाविरुद्ध प्रतिकारशक्ती निर्माण होते हे दाखविले. रिसिनविरुद्धची शक्ती अ‍ॅब्रिनपासून वाचवीत नाही, हेही त्याच प्रयोगांतून दिसले. १९७० नंतरच्या काही वर्षांत नॉर्वेतील ओल्सनेस आणि पिल यांनी ही विषे दोन साखळ्यांची बनलेली असल्याचे दाखवून दिले. १९८५ मध्ये रिसिनच्या जनुकाचा अनुक्रम प्रसिद्ध झाला. १९८७ मध्ये त्याची त्रिमितीय रचना समजली आणि त्याच वर्षी जपानमधील एंडो व त्सुरुगी यांनी विषाची नेमकी क्रिया उघड केली.

रिसिन प्रथम ५७६ अमिनो आम्लांच्या एकाच माळेच्या रूपात तयार होते. तिचे चार भाग पडतात. आरंभीची ३५ आम्ले हा दिशादर्शक भाग असून तो पुढे तोडला जातो. त्यानंतर २६७ आम्लांचा 'ए' खंड, मग १२ आम्लांचा जोडभाग आणि शेवटी २६२ आम्लांचा 'बी' खंड येतो. जोडभाग कापला गेल्यावर ए आणि बी हे दोन खंड गंधकाच्या एका बंधाने परस्परांस धरून राहतात.

बी खंडाचे काम चिकटण्याचे आहे. पेशींच्या पृष्ठभागावर गॅलॅक्टोज या शर्करेची टोके असतात. बी खंड त्यांस पकडतो आणि पेशी ते प्रथिन आत ओढून घेते. आत गेल्यावर गंधकाचा बंध सुटतो आणि ए खंड मोकळा होतो. ए खंड हा विकर, म्हणजे एन्झाइम आहे. पेशीत प्रथिने घडविणाऱ्या रायबोसोमच्या आरएनएमधून तो एका ठरावीक जागेचे अ‍ॅडेनीन काढून टाकतो. तेवढ्यानेच तो रायबोसोम निकामी होतो. ए खंडाचा एक रेणू एका मिनिटात हजाराहून अधिक रायबोसोम निकामी करू शकतो. प्रथिननिर्मिती थांबली की पेशी मरते.

अ‍ॅब्रिनची रचना याच धर्तीची आहे. तेथेही चिकटणारा बी खंड आणि तोडणारा ए खंड आहे. कारल्याच्या बीजातील मॉमॉर्डिन या प्रथिनात मात्र केवळ ए सारखा एकच खंड असतो. चिकटणारा सोबती नसल्यामुळे त्यास पेशीत सहज शिरता येत नाही आणि म्हणून ते रिसिनच्या तुलनेने पुष्कळच सौम्य ठरते. याचा अर्थ ते निरुपद्रवी आहे असा घेऊ नये. कारल्याच्या बीजातील या वर्गातील प्रथिनांनी उंदरांत आरंभीच्या काळातील गर्भ पडतो, असे प्रयोगांत आढळले आहे. गर्भिणीस कारल्याचे बीज देऊ नये, हे सांगण्यास तेवढे कारण पुरेसे आहे.

आणखी एक उदाहरण विचार करावयास लावणारे आहे. आमांशाच्या एका जिवाणूचे शिगा विष वनस्पतिज नाही. तरी त्याचा ए खंड रिसिनच्या ए खंडाचाच सगोत्र असून तेच अ‍ॅडेनीन काढतो. त्याचा चिकटणारा भाग मात्र सर्वस्वी वेगळा आहे. पाते तेच, पाट निराळा.

४. कार्यखंड कसा ओळखावा

अनुक्रमातून कार्यखंड ओळखण्याच्या तीन पद्धती प्रचारात आहेत. त्या क्रमाने पाहू.

(अ) समान अनुक्रमाचा शोध. आपल्या हातातील अनुक्रम, कार्य ठाऊक असलेल्या अनुक्रमांशी ताडून पाहणे. १९९० पासून ब्लास्ट ही संगणकप्रणाली यासाठी वापरली जाते. दोन प्रथिने पुष्कळ सारखी असतील तर ती एकाच कुळातील असण्याचा संभव फार असतो. परंतु दूरचे सगोत्र या पद्धतीने निसटतात.

(आ) लहान खूण. कार्यखंडाच्या क्रियास्थानी काही अक्षरे कधीच बदलत नाहीत, कारण ती बदलली तर कार्यच नष्ट होते. प्रोसाइट या संग्रहात अशा खुणा नोंदलेल्या आहेत. रिसिनच्या ए खंडात ही खूण 'आय-क्यू-एम-आय-एस-ई-ए-ए-आर-एफ-क्यू-वाय-आय-ई-जी-ई-एम' या १७ अक्षरांत सापडते. येथे सहावे अक्षर 'ई', म्हणजे ग्लुटामिक आम्ल, आणि नववे अक्षर 'आर', म्हणजे आर्जिनीन, ही खुणेतील अचल अक्षरे होत. मधल्या दोन जागी लहान आकाराची ठरावीक आम्लेच चालतात आणि 'आर' नंतर फेनिलअलानीन किंवा टायरोसीन यांपैकीच एक यावे लागते. उरलेल्या जागांपैकी काहींवर मोजकीच आम्ले चालतात, काहींवर कोणतेही चालते. रिसिनच्या ए खंडात ही दोन अचल आम्ले १७७ व १८० या स्थानी, अ‍ॅब्रिनमध्ये १६४ व १६७ या स्थानी आणि मॉमॉर्डिनमध्ये १६० व १६३ या स्थानी आहेत. स्थानांक बदलले तरी दोहोंतील अंतर तेच राहिले आहे. क्रियास्थान सापडले की तीन अपरिचित प्रथिनांचे नाते असे उघड होते.

(इ) संपूर्ण खंडाची प्रतिमा. एका कुळातील शेकडो प्रथिने एकाखाली एक मांडून प्रत्येक स्थानी कोणते अक्षर किती वेळा येते याची सांख्यिक प्रतिमा तयार करतात आणि नवा अनुक्रम त्या प्रतिमेशी ताडतात. अनुभवी वैद्य वनस्पती ओळखताना एकाच पानावर विसंबत नाही. पान, खोड, फूल व फळ या साऱ्यांचा एकत्रित विचार करून, थोडाफार फरक गृहीत धरूनच तो निर्णय देतो. ही पद्धत तशीच आहे. पीफॅम हा संग्रह याच तत्त्वावर उभारलेला आहे. त्यात रिसिनचा ए खंड पीएफ००१६१ या क्रमांकाखाली आणि बी खंडाचा चिकटणारा भाग पीएफ००६५२ या क्रमांकाखाली नोंदलेला आहे. पीफॅमचे स्वतंत्र संकेतस्थळ जानेवारी २०२३ मध्ये बंद झाले. आता ते सारे इंटरप्रो या एकत्रित संग्रहातून पाहावे लागते. प्रोसाइटच्या खुणाही तेथेच पाहता येतात.

प्रत्यक्ष कृती सोपी आहे आणि तिला शुल्क लागत नाही. युनिप्रॉट या संग्रहातून प्रथिनाचा अनुक्रम घ्यावा, तो इंटरप्रोमध्ये भरावा आणि निकाल वाचावा. निकालात प्रत्येक खंडापुढे 'ई-मूल्य' दिलेले असते. एवढ्या मोठ्या संग्रहात निव्वळ योगायोगाने इतके साम्य किती वेळा दिसले असते, याचा तो अंदाज असतो. हे मूल्य १ च्या आसपास असेल तर साम्य योगायोगाचे समजावे. ते ०.००१ पेक्षा पुष्कळ लहान असेल तरच विचारात घ्यावे. सोबत आणखी दोन गोष्टी तपासाव्यात. साम्य संपूर्ण खंडभर आहे की एका तुकड्यापुरतेच आहे? क्रियास्थानाची अचल अक्षरे जागेवर आहेत काय?

लहान खुणांविषयी विशेष सावधगिरी बाळगावी. प्रथिनाला शर्करा जोडली जाण्याची खूण अवघ्या तीन-चार अक्षरांची आहे. ती असंख्य प्रथिनांत केवळ योगायोगाने येते. खूण जितकी लहान, तितकी तिची ग्वाही दुर्बळ.

५. डीएनए अनुक्रमातील कार्यस्थाने

डीएनएची लिपी चार अक्षरांची आहे आणि तीन अक्षरे मिळून एका अमिनो आम्लाचा संकेत होतो. ५७६ आम्लांच्या रिसिनसाठी १७२८ अक्षरे लागतात आणि शेवटी तीन अक्षरांचे विरामचिन्ह येते. एकाच आम्लासाठी अनेक संकेत चालतात. त्यामुळे डीएनएत पुष्कळ फरक पडूनही प्रथिन तेच राहू शकते. म्हणून कार्यखंड शोधावयाचा असेल तर डीएनए प्रथम प्रथिनाच्या भाषेत उतरवून घ्यावा आणि मग शोध घ्यावा. वाचन कोणत्या अक्षरापासून सुरू करावयाचे याचे तीन पर्याय असतात आणि उलट बाजूचे आणखी तीन. अशा सहाही प्रकारांनी वाचून पाहावे लागते. बहुतेक वनस्पतींच्या जनुकांत मध्येच निरर्थ भाग येऊन खंड तुटक होतो. रिसिनच्या जनुकात असे व्यत्यय नाहीत, त्यामुळे त्याचे वाचन तुलनेने सरळ आहे.

प्रथिनाचा संकेत हा डीएनएचा एक भाग झाला. प्रथिन कोणत्या अवयवात, केव्हा आणि किती तयार व्हावे हे ठरविणारी नियंत्रणस्थाने डीएनएमध्येच जनुकाच्या आगेमागे असतात. ती मात्र फारच आखूड, बहुधा सहा ते बारा अक्षरांची असतात. एक हिशोब करून पाहावा. चार अक्षरांच्या लिपीत सहा अक्षरांचा ठरावीक शब्द सरासरी दर ४०९६ अक्षरांस एकदा योगायोगानेच येतो. ३५ कोटी अक्षरांच्या ग्रंथात तो सुमारे ८५ हजार वेळा सापडेल. म्हणून केवळ अक्षरे जुळली एवढ्यावरून नियंत्रणस्थान सापडले असे म्हणता येत नाही. तेथे प्रयोगाचाच आधार घ्यावा लागतो.

या नियंत्रणाचे व्यावहारिक महत्त्व मोठे आहे. गुंजेच्या पानाच्या आणि बीजाच्या पेशींतील डीएनए एकच आहे. अ‍ॅब्रिनचे जनुक दोहोंतही आहे. तरी अ‍ॅब्रिन साठते ते मुख्यतः बीजात. गोड चवीचा गुंजेचा पाला विड्यात घालून चघळतात आणि बीज मात्र उपविष मानतात, ही परंपरेची विभागणी याच्याशी जुळते. जनुक असणे आणि त्या जनुकाचे प्रथिन असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

वनस्पतीच्या ओळखीसाठी जी डीएनए चाचणी करतात, ती याहून निराळी. २००९ साली वनस्पतींसाठी आरबीसीएल आणि मॅटके हे दोन प्रमाणभाग सुचविले गेले. पुढे आयटीएस-२ हा भागही वापरात आला. हे भाग जातीजातींत पुरेसे बदलतात म्हणून निवडलेले आहेत. विष किंवा औषधी गुण यांच्याशी त्यांचा संबंध नाही. ही चाचणी 'हे गुंजाबीजच होय' एवढे सांगेल. 'हे शोधित आहे' असे ती सांगणार नाही. क्वाथ, भस्म यांसारख्या दीर्घकाळ अग्निसंस्कार झालेल्या कल्पांत तर डीएनए तुटून गेलेला असतो आणि चाचणीचा पायाच डळमळतो.

६. ही ओळख कोणत्या प्रमाणात मोडते?

चरकसंहितेने आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती अशी चार प्रमाणे सांगितली आहेत. अनुक्रमावरून कार्यखंड ओळखणे हे त्यांपैकी अनुमान होय. धूर पाहून अग्नीचे ज्ञान व्हावे, तसे येथे अक्षरांची खूण पाहून कार्याचे ज्ञान होते. धुराची अग्नीशी असलेली व्याप्ती पूर्वी प्रत्यक्ष पाहिलेली असते म्हणूनच अनुमान घडते. येथेही कुळातील काही प्रथिनांवर प्रत्यक्ष प्रयोग झालेले असतात, म्हणूनच नव्या प्रथिनाविषयी अनुमान करता येते. जेथे ही व्याप्ती बिघडते, तेथे अनुमानही बिघडते. तिचे तीन प्रसंग पाहावेत.

पहिला प्रसंग. रिसिनच्या बी खंडाच्या कुळातील खंड जिवाणूंच्या विकरांत आणि मानवी शरीरातील काही विकरांतही आढळतो. तेथे त्याचे काम शर्करेस धरणे एवढेच आहे, विषाशी त्याचा संबंध नाही. तेव्हा अहवालात 'रिसिन बी सदृश डोमेन' असे शब्द दिसले म्हणून द्रव्य विषारी ठरत नाही. नाव त्या कुळातील प्रथम सापडलेल्या प्रथिनाचे आहे, गुण साऱ्या कुळाचा नव्हे.

दुसरा प्रसंग. एरंडबीजात रिसिनसोबत आणखी एक प्रथिन असते. त्यात ए आणि बी अशा खंडांच्या दोन जोड्या असतात. त्याचा ए खंड रिसिनच्या ए खंडाशी ९० टक्क्यांहून अधिक जुळतो. तरीही ते विष म्हणून रिसिनपेक्षा पुष्कळच दुर्बळ असून रक्तपेशींची गुठळी करण्यात मात्र प्रबळ आहे. खंड तेच असूनही कार्याचे बळ वेगळे आहे. एरंडाचा संपूर्ण जनुकसंग्रह २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. रिसिनचे हे कुटुंब पूर्वी वाटत होते त्याहून मोठे आहे असे तेव्हा दिसून आले. त्या कुटुंबातील प्रत्येक जनुकास 'रिसिन' समजणे बरोबर होणार नाही.

तिसरा प्रसंग सर्वांत बोलका आहे. रिसिनविरुद्ध लस बनविण्यासाठी संशोधकांनी ए खंडात दोनच बदल केले. ८० व्या स्थानी टायरोसीनऐवजी अलानीन आणि ७६ व्या स्थानी व्हॅलीनऐवजी मेथायोनीन घातले. विषक्रिया गेली, परंतु खंडाची घडण टिकून राहिली. शेकडो अक्षरांत दोनच अक्षरे बदललेली असल्यामुळे संगणक हा अनुक्रम पाहून 'ए खंड उपस्थित' असेच सांगेल. खंड आहे, कार्य नाही.

७. शोधन आणि अनुक्रम

वरील साऱ्या विवेचनाचा आपल्या व्यवसायाशी थेट संबंध येतो तो शोधनाच्या संदर्भात. गुंजाबीजाचे शोधन गोदुग्धात किंवा कांजीत दोलायंत्राने स्वेदन करून केले जाते. एरंडपाकातही एरंडबीज दुधात शिजविले जाते. दोन्ही ठिकाणी आर्द्र उष्णतेचा दीर्घ संस्कार आहे. संस्काराने द्रव्यात गुणांतर घडते, हा आपला सिद्धांत आहे. प्रथिनाच्या बाबतीत हे गुणांतर कसे घडते ते आता सांगता येते. पुरेशा आर्द्र उष्णतेने प्रथिनाची घडी उलगडते. अंडे उकडल्यावर पांढरा बलक घट्ट होतो, तो याच प्रकाराने. घडी उलगडली की ए खंडाचे क्रियास्थान आणि बी खंडाची पकड दोन्ही नष्ट होतात.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. घडी उलगडली तरी अक्षरांचा क्रम तोच राहतो. माळ सैल होते, मणी बदलत नाहीत. म्हणून शोधनापूर्वीचा आणि शोधनानंतरचा अनुक्रम एकच येईल. डीएनएही गुंजेचाच दाखवील. ज्या चाचणीत शोधित व अशोधित बीज यांत भेद दिसूच शकत नाही, त्या चाचणीवर शोधनाचा निर्णय देणे अशास्त्रीय होय. अनुक्रम द्रव्याचे कुळ व संभाव्य सामर्थ्य सांगतो, त्या घाण्याची प्रत्यक्ष अवस्था सांगत नाही.

एरंडतेलाचा निर्वाळाही याच विचाराने देता येतो. प्रथिन तेलात विरघळत नाही, ते पेंडीत राहते. नीट गाळलेले एरंडतेल सुरक्षित ठरते ते त्यामुळे. जनुकांत फरक असल्यामुळे नव्हे. ज्या फार्मसीत तेल घरीच काढले जाते, तेथे पेंड हाताळताना तोंडावर फडके व हातांत मोजे असावेत. ती पेंड गुराढोरांच्या किंवा कुत्र्यांच्या तोंडी लागणार नाही याचीही दक्षता घ्यावी.

८. नामसादृश्याचा धोका

औषधनिर्मात्यांनी आणखी एका गोष्टीविषयी जागरूक राहावे. गुंजाबीजात अ‍ॅब्रिन या विषारी प्रथिनाखेरीज अ‍ॅब्राइन नावाचा एक लहान रेणू आहे. ते ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाचे साधे रूपांतर होय. रोमन लिपीत या दोन नावांत केवळ शेवटच्या एका अक्षराचा फरक आहे. अ‍ॅब्राइनमध्ये कार्यखंड नाही, घडी नाही, रायबोसोम निकामी करण्याची शक्तीही नाही. एचपीटीएलसी या रासायनिक परीक्षणात जी पट्टी दिसते ती या लहान रेणूची असते. शोधनानंतर अ‍ॅब्राइन कमी झाले असे दिसले, तर ते दुधात वा कांजीत उतरले एवढेच कळते. अ‍ॅब्रिनची घडी मोडली की नाही हे त्यावरून ठरत नाही, कारण एक घटना विरघळण्याची आहे आणि दुसरी उलगडण्याची. हे दोन्ही एकाच प्रमाणात घडतील असे मानण्यास आधार नाही. अहवालातील शब्द अ‍ॅब्रिन आहे की अ‍ॅब्राइन, हे प्रथम पाहावे.

प्रथिनाची अवस्था जाणण्यासाठी प्रथिनाच्याच चाचण्या हव्यात. रक्तपेशींची गुठळी होते काय हे पाहणारी चाचणी बी खंडाच्या पकडीविषयी सांगते. रायबोसोमची प्रथिननिर्मिती थांबते काय हे पाहणारी चाचणी ए खंडाविषयी सांगते. पेशींवर घेतलेली विषपरीक्षा दोन्ही खंडांच्या एकत्रित परिणामाविषयी सांगते. कार्यखंडांचे ज्ञान येथे खरोखर उपयोगी पडते. कोणती चाचणी कोणत्या खंडाची परीक्षा करते, हे त्याच ज्ञानामुळे कळते.

९. व्यवहारात घ्यावयाची काळजी

(१) गुंजाबीज औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या अनुसूची ई-१ मध्ये आहे. आभ्यंतर वापराच्या अशा कल्पाच्या वेष्टनावर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' या आशयाची सूचना इंग्रजी व हिंदी दोन्ही भाषांत छापणे बंधनकारक आहे.

(२) कच्च्या मालाची ओळख डीएनए चाचणीने करून घेण्यास हरकत नाही. ती ओळखीपुरतीच मानावी.

(३) शोधनाची नोंद प्रत्येक घाण्याची स्वतंत्र ठेवावी. द्रवाचे नाव व प्रमाण, तापमान, काल आणि बीजे अखंड होती की टरफल काढलेली होती, हे सारे लिहावे. गुंजेचे कठीण टरफल उष्णता व द्रव आत जाण्यास अडथळा करते.

(४) प्रयोगशाळेस स्पष्ट प्रश्न विचारावा : तपासणी अनुक्रमाची, लहान रेणूची, की प्रथिनाच्या क्रियेची?

(५) गुंजा वा एरंडबीज चावून खाल्लेले बालक आले तर लक्षणांची वाट पाहू नये. वमन, रक्तयुक्त अतिसार आणि जलक्षय ही लक्षणे काही तासांनी दिसू लागतात, कारण पेशी मरण्यास वेळ लागतो. या विषांवर व्यवहारात वापरले जाणारे विशिष्ट प्रतिविष नाही. रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे. अखंड गिळलेले बीज बहुधा तसेच बाहेर पडते, परंतु ते अखंडच होते याची खात्री कोणी देऊ शकत नाही.

१०. उपसंहार

अनुक्रमांतून कार्यखंड ओळखण्याची विद्या अत्यंत उपयुक्त आहे. एरंड, गुंजा, कारले आणि आमांशाचा जिवाणू यांच्यातील अदृश्य नाते तिनेच दाखविले. एक विष तीव्र आणि दुसरे सौम्य का, याचे कारणही तिच्यामुळेच कळले. २०२१ पासून अनुक्रमावरून प्रथिनाची घडीही संगणकाने वर्तविता येऊ लागली आणि त्या कार्यास २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तथापि वर्तविलेली घडी ही देखील अनुमानच होय. दोलायंत्रातून काढलेल्या बीजात ती घडी शिल्लक आहे की मोडली, हे त्या बीजाचीच परीक्षा करून ठरवावे लागते. अनुमानाने दिशा घ्यावी आणि औषध रुग्णाच्या हाती देण्यापूर्वी प्रत्यक्षाने खात्री करावी. ही शिस्त आपल्या शास्त्राने पूर्वीच घालून दिली आहे, तीच येथेही पाळावयाची आहे.

स्वाध्याय

१. मॉमॉर्डिन रिसिनपेक्षा सौम्य का आहे, हे कार्यखंडांच्या आधारे स्पष्ट करा.
२. 'डीएनए चाचणीने शोधन सिद्ध' हे विधान का ग्राह्य नाही?
३. अ‍ॅब्रिन व अ‍ॅब्राइन यांतील भेद सांगून, प्रत्येकासाठी कोणत्या प्रकारची चाचणी लागते ते लिहा.
४. आपल्या फार्मसीतील अन्य एका उपविषाचा मुख्य विषारी घटक प्रथिन आहे की लहान रेणू, याचा शोध घ्या आणि त्याचे शोधन त्या घटकावर कसे परिणाम करीत असावे याचा विचार करा.